यादीतलं सतरावं नाव

सिन्नरच्या स्टँडासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं उभ्या उभ्याच मोहिनी मॅडमनी उज्वलाला पंचवीस फॉर्म दिले, दोन निळी पेनं दिली, फॉर्मखाली धरायला पुठ्ठा दिला आणि सगळ्यात वर एक कागद ठेवला. उज्वलाच्या गावच्या, मोरदऱ्याच्या मतदारयादीतून काढलेली पंचवीस नावं त्यावर होती.

"ज्याचं नाव आहे त्यालाच विचारायचं," मॅडम म्हणाल्या. "नवरा नव्हता म्हणून बायकोला विचारलं, असलं चालणार नाही. माणूस घरी नसेल तर तीनदा जायचं. तीनदा गेल्याशिवाय नाव सोडायचं नाही."

"आणि मेलेलं असलं तर?"

"तर तसं लिहायचं. पण दोन जणांना विचारून. आणि एक ध्यानात ठेवा, कोणी काय सांगितलं ते घरात सुद्धा बोलायचं नाही."

दोन हजार चारचा मार्च होता. एप्रिलात निवडणूक होती, आणि त्याआधी पुण्याची कसलीशी संस्था मोहिनी मॅडममार्फत जिल्ह्यातल्या गावागावांतून विचारून घेत होती : तुमच्या गावात अडचण कसली, घरखर्च भागतो का, पुढाऱ्यांबद्दल काय वाटतं. उज्वला बारावी झालेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि या आठ वर्षांत किराण्याची यादी अन् मुलीच्या, पल्लवीच्या शाळेच्या वहीवरचं नाव सोडलं तर तिनं पेन हातात धरलं नव्हतं. परतीच्या जीपमध्ये तिनं पिशवी मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईचं पाण्याचं मडकं तिला लागत होतं, पण तिनं पिशवी खाली ठेवली नाही.

मोरदऱ्यात पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. उज्वलाच्या सासरी, हांडग्यांच्या अर्ध्या एकरात कांदा होता तो गोटीएवढा होऊन थांबला होता. टँकर दिवसाआड यायचा आणि गावाच्या विहिरीत ओतून जायचा. बाया दोर घेऊन काठावर तुटून पडायच्या. वरच्या ठाकरवाडीला टँकर जातच नसे. रस्ता नाही, असं ड्रायव्हर म्हणायचा.

उज्वलाचा सासरा देवराम हांडगे वीस वर्षं गावच्या राजकारणात मुरलेला. स्वतः कधी उभा राहिला नाही, पण ज्याच्या बाजूला देवराम तो निवडून आला, असं लोक म्हणायचे आणि देवरामही म्हणायचा. दर निवडणुकीला बूथवर एजंट म्हणून तोच बसायचा. मुलगा संतोष, उज्वलाचा नवरा, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला. सासू यशोदाबाई साठीची, गुडघ्यांनी हैराण, पण दिवसभर वाकलेली.

देवरामनं यादी हातात घेतली आणि नावांवरून बोट फिरवलं.

"हा आपला. हा बी आपला. ह्यो त्यांच्याकडचा, ह्याला इचारून काय फायदा?" बोट सतरा नंबरवर थांबलं. "हे नाव खोडून टाक."

उज्वलानं वाकून पाहिलं. सुलाबाई काळू मेंगाळ, स्त्री, वय एकावन्न, ठाकरवाडी.

"का आण्णा?"

"ती नाय सापडायची. कोळशाच्या भट्टीवर गेली कोकणात. मेली बी आसंल."

"मग दोन जणांना विचारून तसं लिहिते."

देवरामनं यादी परत दिली. यशोदाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

सकाळी टँकरचं पाणी, शेण, भाकरी, मग दोन तास कांद्यात, आणि ऊन चढलं की उज्वला पुठ्ठा घेऊन निघायची. पहिले दोन दिवस नुसती फजिती झाली. ती ओट्यावर बसली की आजूबाजूचे पंधरा जण जमायचे. नाव न आलेले विचारायचे, "आमचं का नाय आलं? त्यांना काय मिळणार हे?" एका म्हातारीनं रेशनकार्ड आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि उचलेना. "घरकुलाचं नाही हो आजी, नुसतं विचारायचंय," असं उज्वला सांगायची, तर म्हातारी म्हणायची, "मंग मला बी इचार की."

गोरक्षचा फॉर्म तिसरा. गोरक्ष ट्रॅक्टर चालवायचा, भाड्यानं टँकरही ओढायचा. त्याच्या ओट्यावर सरपंचाचा भाऊ तंबाखू मळत बसलेला.

"गावातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

"काही नाय. झकास चाललंय," गोरक्ष म्हणाला आणि सरपंचाच्या भावाकडं पाहून हसला.

"पाणी?"

"टँकर येतो ना. आजून काय पाहिजे?"

उज्वलानं लिहून घेतलं. दोन दिवसांनी ती दळण घेऊन गिरणीत उभी होती तर गोरक्ष पोतं टेकवायच्या निमित्तानं जवळ आला.

"ते त्या दिवशीचं खोडता येतं का?"

"का?"

"पाणी लिव्ह. कागदावर टँकरच्या तीन खेपा दाखवतात, येती एक. मीच वढतो, मला ठाव हे." मग आजूबाजूला पाहत म्हणाला, "मह्या नावानं नको बोलूस कुढं."

गिरणीच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नसावं. उज्वलानं घरी येऊन "काही नाही" वर आडवी रेघ मारली आणि शेजारी पाणी लिहिलं.

नवसाबाईच्या घरी वेगळीच तऱ्हा. नवसाबाई सूप घेऊन हरभरा पाखडत होती आणि नवरा दारात खाट टाकून उत्तरं देत होता. उज्वला म्हणाली, "भाऊ, नाव मावशींचं आलंय."

"तिला काय कळतं? लिव्हा तुमी."

"मागच्या वर्षापेक्षा घर चालवणं सोपं झालं, अवघड झालं का तसंच आहे?"

"तसंच," नवरा म्हणाला.

नवसाबाईनं सूप थांबवलं. "डबाभर तेल आणायचो तं पावशेरावर आलो. पोरांच्या कालवणात तेलाचा थेंब मोजून टाकते मी. तसंच कसं?"

नवरा उठून गोठ्याकडं गेला. तो गेल्यावर नवसाबाई पुढं सरकली आणि मत कोणाला देणार या प्रश्नाचं उत्तर तिनं उज्वलाच्या कानात सांगितलं. नवऱ्यानं सांगितलेल्या चिन्हापेक्षा ते चिन्ह वेगळं होतं. "ह्याला कळलं तं मला झोडपून काढंल," ती म्हणाली आणि पुन्हा सूप हलवायला लागली.

चौदा फॉर्म भरून झाले तेव्हा देवरामनं हात पुढं केला.

"कोण कुणाकडं हे ते लिव्हलंय ना त्यात?"

"लिहिलंय."

"आण बघू."

"आण्णा, ते दाखवता येत नाही. मी लोकांना तसं सांगून घेतलंय."

"मी काय लोकातला हे?"

उज्वला उभीच राहिली. सासऱ्याला नाही म्हणायची ही तिची पहिलीच वेळ होती. देवराम मोठ्यानं बोलला नाही. तो संतोष यायची वाट बघत बसला. संतोष पहिली शिफ्ट करून आला. त्यानं तांब्याभर पाण्यात हातपाय धुतले, तेच पाणी परसातल्या शेवग्याला घातलं.

"तुह्या बायकोला सांग," देवराम म्हणाला. "घरातलं घरात लपवती."

आत आल्यावर संतोष म्हणाला, "दाखवून टाक ना. काय बिघडतं?"

"जे बायांनी नवऱ्याला सांगितलं नाही ते मला सांगितलंय. ते आण्णांना दाखवू? उद्या सगळ्या गावात होईल."

संतोष पाठीला हात लावून बसला.  दुसऱ्या दिवशी कामाला निघताना त्यानं भरलेले चौदाही फॉर्म डब्याच्या पिशवीत घातले, वर टॉवेल टाकला आणि सिन्नरला उतरून मोहिनी मॅडमच्या हातात नेऊन दिले. संध्याकाळी बापानं विचारलं तर म्हणाला, "गेले ते." एवढंच.

ठाकरवाडी गावापासून अर्धा कोस, सगळी चढण. उज्वला पहिल्यांदा गेली तेव्हा सुलाबाईच्या झोपडीचं दार सुतळीनं बांधलेलं होतं. शेजारची पोरगी म्हणाली, "सरपणाला गेली." म्हणजे सुलाबाई कोकणात गेलेली नव्हती, मेलेलीही नव्हती. दुसऱ्यांदा गेली तर सुलाबाई मोळी विकायला सिन्नरला गेलेली. तिसऱ्यांदा ती भर दुपारी गेली. ती पोरगी म्हणाली, "झिऱ्यावर हे. तिचा नंबर हे आज."

झिरा म्हणजे ओढ्याच्या पात्रात कमरेइतका खोदलेला खड्डा. तळाशी दगडातून पाणी पाझरत होतं, इतकं हळू की बघत राहिलं तरी वाढताना दिसत नव्हतं. खड्ड्यात एक बाई उतरून बसली होती. हडकुळी, दंड काळे आणि सुतळीसारखे पिळलेले, कपाळावर गोंदण. हातात जर्मनची वाटी होती. पाणी बोटभर साचलं की ती वाटी तिरकी लावायची, गाळ न हलवता भरून घ्यायची आणि वरच्या हंड्यात फडक्यातून ओतायची.

"सुलाबाई मेंगाळ तुम्हीच का?"

"मीच. का ग बाई?"

उज्वलानं काम सांगितलं. सुलाबाई म्हणाली, "मला इथनं हलता यायचं नाय. नंबर जाईल. बस तिथं सावलीला आन इचार काय ते."

उज्वला काठावर बसली. एक प्रश्न, मग पाणी साचायची वाट, मग वाटी, मग उत्तर, अशी चाल पडली.

"तुमच्या वाडीतली सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

सुलाबाईनं वर पाहिलं, मग हंड्याकडं पाहिलं. "हे बघतीस ना?"

उज्वलानं पाणी लिहिलं.

"घर चालवणं मागच्या वर्षापेक्षा सोपं, अवघड, का तसंच?"

"मीठ-मिरची मोळीवर येती. तेवढी मोळी आता लांबून आणावी लागती. जवळचं रान सपलं." ती विचार करून म्हणाली, "आवघड लिव्ह."

"सरकार चालवणाऱ्यांना तुमच्या मताची किंमत आहे असं वाटतं का? खूप, थोडी, अजिबात नाही?"

"किती म्हणाली?"

"खूप, थोडी, अजिबात नाही."

सुलाबाईनं वाटी भरून ओतली. "मत तं लय किमतीचं आसंल. नाय तं दुसऱ्यानं कशाला टाकलं आसतं?"

उज्वलाचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"आगं, मह्या नावाचं मत दरवक्ताला पडतं. पन मी नाय टाकत." तिनं हे राग न आणता सांगितलं, कुणाची बकरी कुणाच्या रानात गेली असं सांगावं तसं. "पयल्यांदा गेले तं म्हणले, मावशी, तुमचं झालं. मला वाटलं, मह्या मालकानं टाकलं आसंल. मंग वाटंत ध्यानात आलं, तो मरून तं दोन वर्सं झाली. पुढच्या वक्ताला सकाळच्याला गेले. तरी म्हणले, झालं. मी बोट दाखवलं, शाई नाय बघा म्हणलं. तं पोरं हसली. म्हणली, धुऊन आली म्हातारी."

"मग?"

"मंग काय. आले घरी. मोळी राह्यली त्या दिशी."

फॉर्मवर प्रश्न होता : मागच्या निवडणुकीत मत दिलं का? होय, नाही. उज्वला दोन्ही चौकोनांकडं बघत राहिली. शेवटी तिनं 'नाही' वर खूण केली आणि कडेच्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं : नाव लागले, मत दुसऱ्याने टाकले, दोन वेळा. हंडा भरायला अजून तासभर होता. निघताना सुलाबाईनं तिला त्यातलंच अर्धी वाटी पाणी प्यायला दिलं. उज्वला नको म्हणाली, तर ती म्हणाली, "चढून आलीस. पी."

दुसऱ्या दिवशी कांदा उपटायचा होता. जमीन दगडासारखी झालेली, पात हातात यायची आणि कांदा आत राहायचा. दोघी विळ्याच्या टोकानं माती उकरून एकेक काढत होत्या. दोन सऱ्या झाल्यावर यशोदाबाई म्हणाली, "सापडली का ती?"

"सापडली."

"काय म्हणली?"

"आत्याबाई, मला सांगता यायचं नाही."

"नको सांगू." यशोदाबाई पुढच्या कांद्याकडं सरकली. "मला ठाव हे काय म्हणली आसंल. तिच्या नावावर मीच आंगठा देते."

उज्वलानं विळा खाली ठेवला.

"तीनदा दिला," यशोदाबाई मातीकडं बघत बोलत होती. "तुहे सासरे मताच्या दोन चिठ्ठ्या आणून देत्यात. आधी आपलं, मंग जेवायच्या टायमाला लुगडं बदलून दुसरं. दोन्हीकडचे एजंट यकमेकाचं झाकत्यात. त्यांच्याकडच्या बाया बी टाकत्यात तसं. शाई जायला बोटाला पपईचा चीक लावून घासायचं. यकदा कातडंच निघालं, आठ दिवस भाकरी थापता नाय आली."

तिनं उकरलेला कांदा झटकला. "साक्षरतेचा वर्ग आला व्हता ना गावात, त्याच्यात मी सही शिकले. तुह्या लग्नाच्या आधीची गोष्ट. कोळशानं भितीवर गिरवायचे. सगळ्या बायांत पयली मला आली. आन तिथं जाऊन आंगठा द्यायचा, का तं सुलाबाईला सही येत नाय. तो सायेब म्हणला, बाई, आंगठा नीट दाबा, शिकलात नाय तं निदान आंगठा तरी नीट द्या. मी गपचीप दाबला."

लांबून टँकरचा हॉर्न ऐकू आला. बाया पळायला लागल्याचा गलका आला.

"आता काय करायचं, आत्याबाई?"

"काय करायचं? कांदा काढायचा. ऊन चढतंय." पण मग तीच म्हणाली, "ती झिऱ्यावर पाणी भरती का आजून?"

"भरते."

यशोदाबाईनं मान हलवली आणि विळा उचलला.

बाकीचे फॉर्म उज्वलानं स्वतः सिन्नरला नेले. मोहिनी मॅडम पानं उलटत होत्या, सतरा नंबरवर थांबल्या आणि कडेचं बारीक अक्षर वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"त्यांनीच सांगितलं. कुठं लिहायचं ते कळलं नाही."

"याला चौकोन नाही. मत दिलं नाही, कारण इतर, असंच जाईल ते पुढं." मॅडमनी पेन काढून 'इतर' समोर आकडा टाकला. कडेची ओळ मात्र खोडली नाही. उज्वला निघता निघता थांबली.

"मॅडम, त्या बाईंना मत द्यायचं असलं तर काय लागतं?"

"नाव यादीत आहे ना? मग झालं. फोटोचं कार्ड नसेल तर रेशनकार्ड चालतं. फक्त आधी कोणी टाकून गेलेलं नसलं पाहिजे."

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी देवरामनं जेवायला बसण्याआधी चिठ्ठ्या वाटल्या. संतोषची, उज्वलाची एकेक. यशोदाबाईपुढं दोन ठेवल्या.

"नेमीसारखं," तो म्हणाला.

यशोदाबाईनं दोन्ही बटव्यात घातल्या. उज्वलानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, पण तिथं काही दिसलं नाही.

सकाळी देवराम छातीला एजंटचा कागद लावून शाळेत जाऊन बसला. यशोदाबाई आठाच्या आत गेली, आपलं मत देऊन आली, घरी येऊन भांडी घासली, पल्लवीची वेणी घातली. अकराच्या सुमाराला तिनं पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यातली काठी घेतली आणि बाहेर पडली. उज्वलाला वाटलं, शाळेकडं चालली. पण सासू ओढ्याच्या वाटेनं वळली तशी तिनं पल्लवीला नवसाबाईकडं सोडलं, ताट झाकलं आणि मागं धावली.

चढण सुरू झाली तेव्हा यशोदाबाई दर वीस पावलांवर थांबायला लागली. गुडघ्यावर हात दाबायची, पुन्हा निघायची. "तुम्ही परत फिरा, मी एकटी जाऊन येते," असं उज्वला दोनदा म्हणाली. यशोदाबाईनं काठी पुढं टेकली. दगड तापले होते. पदराआडून सुद्धा डोकं भाजत होतं.

सुलाबाई झोपडीच्या सावलीत बसून कोयत्याला धार लावत होती. हांडग्यांची म्हातारी दारात आलेली बघून ती उठून उभी राहिली. अशी कोणी कधी तिच्या दारात आलेली नव्हती.

यशोदाबाईनं बटव्यातून चिठ्ठी काढली आणि पुढं केली. "ही तुही. मह्याकडं आली व्हती."

सुलाबाईनं चिठ्ठी घेतली, उलटी-सुलटी केली. "तुह्याकडं कशी?"

"येती."

"मंग मागल्या वक्ताला बी?"

"मागल्या वक्ताला बी. त्याच्या आदी बी. मीच."

सुलाबाई तिच्याकडं बघत राहिली. यशोदाबाईला धाप लागली होती. ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि तिनं मान खाली घातली नव्हती. उज्वलाला वाटलं, आता ही बाई दोघींना शिव्या घालील, आणि घातल्या तर ऐकून घ्यायच्या. सुलाबाई आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. भांडं वाजलं. मग ती आली ती धुतलेलं लुगडं नेसून, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड.

"कोयता आत ठिवला," ती म्हणाली. "चला."

शाळेत जेवणाची वेळ होती. रांग नव्हतीच. दोन पोलीस वडाखाली डबा खात होते. यशोदाबाई बाहेर पायरीवर बसली. सुलाबाई आत गेली, तिच्या मागं आपली चिठ्ठी घेऊन उज्वला.

अधिकाऱ्यानं चिठ्ठी बघून मोठ्यानं नाव वाचलं, "सुलाबाई काळू मेंगाळ."

देवरामनं यादीवर खूण केली. मान वर न करताच केली. या वेळी कोण येणार ते त्याला माहीत होतं. शेजारी दुसऱ्या बाजूचा एजंट पुंजा बसला होता, त्यानं मात्र वर पाहिलं आणि त्याची विडी ओठातच राहिली. त्यानं देवरामला कोपरानं ढोसलं.

"रेशनकार्डावर फोटो नाही," अधिकारी म्हणाला. "एजंट, ओळखता का यांना? ह्याच सुलाबाई का?"

पुंजा देवरामकडं बघायला लागला. देवरामनं समोर पाहिलं. सुलाबाई उभी होती. तिच्या मागं सून. उघड्या दारातून बाहेर पायरीवर बसलेली बायको दिसत होती, पाठमोरी, गुडघा चोळत. नाही म्हणाला असता तर सुलाबाईला तिसऱ्यांदा परत जावं लागलं असतं, आणि ते त्याला अवघड नव्हतं.  सासऱ्यानं नाही म्हटलं तर आपण काय बोलायचं ते तिनं वाटेतच ठरवलं होतं, पण आता त्यातला एक शब्द आठवेना.

देवरामनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"वळखतो," तो म्हणाला. "ठाकरवाडीची हे. काळूची बायको."

"तुम्ही?"

"वळखतो," पुंजा म्हणाला.

अंगठा झाला, बोटाला शाई लागली. सुलाबाई पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली आणि तिथं इतका वेळ लागला की अधिकारी म्हणाला, "मावशी, बटन दाबा."

"थांब की बाबा," आतून आवाज आला. "वाचता नाय येत, चित्रं बघते."

मग यंत्राचा लांब आवाज झाला.

उज्वलाचंही मत झाल्यावर दोघी बाहेर आल्या आणि सुलाबाई यशोदाबाईसमोर उभी राहिली. "झालं?" तिनं उज्वलाला विचारलं. "येवढंच आसतं?"

"एवढंच."

"मला वाटलं, लय काही आसंल." तिनं रेशनकार्ड पुन्हा पिशवीत गुंडाळलं. जाता जाता यशोदाबाईला म्हणाली, "उन्हात नको जाऊ लगीच. बस जरा." आणि ओढ्याच्या वाटेला लागली.

पुढं दीड महिना देवराम सुनेशी बोलला नाही. काही हवं असलं तर पल्लवीला सांगायचा. टँकर ठाकरवाडीला गेला नाही. सर्व्हेचं पुढं काय झालं ते उज्वलाला कळलं नाही. फॉर्मचे पैसे मात्र आले आणि त्यातनं तिनं सासूला गुडघ्याचं तेल आणलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, देवराम यंत्रं रवाना करून घरी आला. हातपाय न धुताच पाटावर बसला. यशोदाबाईनं ताट वाढलं.  देवरामनं दोन घास खाल्ले.

"पुंज्या हसतोय सगळ्या गावात," तो म्हणाला.

यशोदाबाईनं त्याच्या ताटात कालवण वाढलं.

"एक मत गेलं आपलं. ती काय आपल्याला टाकती? कुणाला टाकलं तिनं, काय ठाव."

"तिला ठाव हे," यशोदाबाई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटायला चुलीकडं वळली.